कृपादान, प्रतिभा आणि सेवा : रेव्हरंड टिळकांच्या काव्यकर्तृत्वाच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

आधुनिक मराठी कवितेच्या अभ्यासक्रमात नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्थान निश्चित झालेले आहे. 'फुलांमुलांचे कवी' हे त्यांचे बिरुद विद्यार्थ्यांना पाठ असते. केशवसुतांच्या समकालीनांत त्यांची गणना होते, निसर्गकविता आणि कौटुंबिक कविता या दोन दालनांत त्यांचा परामर्श घेतला जातो आणि शेवटी एखाद्या वाक्यात त्यांच्या ख्रिस्ती भक्तिगीतांचा उल्लेख करून विषय संपविला जातो. याउलट ख्रिस्ती मंडळीत टिळक ओळखले जातात ते उपासनेत गायिल्या जाणाऱ्या गीतांचे कर्ते म्हणून. 'वनवासी फूल' किंवा 'केवढे हे क्रौर्य' या कवितांचा तेथे फारसा संबंध येत नाही. एकाच कवीची अशी दोन वाटेकऱ्यांत वाटणी झाली आहे, आणि दोघांनाही आपला वाटा म्हणजेच संपूर्ण टिळक असे वाटत आले आहे.

ही वाटणी टिळकांना स्वतःला मान्य झाली असती काय, हा प्रस्तुत लेखामागील मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना नीट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे 'कृपादान'. माणसाजवळ असलेली विशेष शक्ती ही कोणाची, ती कशासाठी मिळालेली, आणि ती वापरावयाची कोणी, कोठे व कोणत्या मर्यादेत, या प्रश्नांचा विचार या संकल्पनेच्या अनुरोधाने झालेला आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही संकल्पना परकी वाटण्याचा संभव आहे. परंतु टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई किंवा त्यांच्या तीन शतके आधीचे फादर स्टीफन्स यांच्या लेखनामागील प्रेरणा तिच्यावाचून पुरती उलगडत नाही, असे मला वाटते. म्हणून प्रथम संकल्पनेचे स्पष्टीकरण, मग आपल्या परंपरेतील जवळच्या कल्पनांशी तिची तुलना, आणि त्यानंतर मराठीतील उदाहरणे, असा क्रम येथे स्वीकारला आहे.

१. 'कृपादान' म्हणजे काय?

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा' असा आहे. 'खारिस' म्हणजे कृपा. त्या कृपेचे जे मूर्त फळ माणसाच्या पदरी पडते ते 'खारिस्मा'. मराठी शास्त्रभाषांतरांत रुळलेला 'कृपादान' हा शब्द ही व्युत्पत्ती उत्तम रीतीने सांभाळतो. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'कॅरिस्मा' हा शब्द याच मुळापासून निघालेला आहे. माक्स वेबरने त्याला समाजशास्त्रीय परिभाषेत स्थान दिले आणि त्याचा अर्थ नेत्याच्या अंगचे असाधारण वलय असा झाला. वृत्तपत्रांतील 'करिश्मा' हा शब्द मात्र मुळात फारसी असून त्याचा या ग्रीक शब्दाशी संबंध नाही. उच्चारसादृश्यामुळे दोहोंची सरमिसळ झाली आहे इतकेच. नव्या करारातील अर्थ या दोहोंहून वेगळा, किंबहुना त्यांच्या उलट दिशेचा आहे. तेथे 'खारिस्मा' व्यक्तीभोवती वलय निर्माण करीत नाही. तो तिला इतरांच्या कामी लावतो.

या दानांच्या चार याद्या प्रामुख्याने आढळतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ज्ञानाचे व विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, संदेश देणे, आत्मे ओळखणे, विविध भाषा बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे अशी नऊ दाने सांगितली आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संदेश देणे, सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, अधिकार चालविणे आणि दया करणे अशी सात दाने येतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात शक्तींऐवजी माणसेच दान म्हणून दिली आहेत : प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर सर्व दाने बोलणे आणि सेवा करणे या दोनच वर्गांत बसविली आहेत, आणि दान मिळालेल्या माणसाला कारभाऱ्याची उपमा दिली आहे. कारभारी धनाचा मालक नसतो, पण त्या धनाचा हिशेब त्याला द्यावा लागतो. ही उपमा या साऱ्या विचाराचे सूत्र मानता येईल.

या चारही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याअर्थी त्या जुळत नाहीत त्याअर्थी त्यांपैकी एकही परिपूर्ण नाही. प्रत्येक यादी त्या त्या मंडळीची गरज पाहून केलेली आहे. त्यामुळे 'यादीत नाही म्हणून ते कृपादान नव्हे' हा युक्तिवाद टिकत नाही. काव्यशक्तीचे नाव कोणत्याही यादीत नाही हे खरे. तथापि दोन स्थळे येथे लक्षात घ्यावी लागतात. जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात निवासमंडपाचे काम करणारा बसालेल हा कारागीर देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाल्याचे सांगितले आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवरील कसबालाच तेथे आत्म्याचे देणे मानले आहे. दुसरे स्थळ करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातील आहे. मंडळी एकत्र जमते तेव्हा कोणाजवळ काय असते हे सांगताना पौल सर्वांत आधी स्तोत्राचा उल्लेख करतो आणि शिक्षण, प्रकटीकरण, भाषा व तिचा अर्थ यांच्याच ओळीत त्याला बसवितो. म्हणजे गीत हे सभेची शोभा नसून सभेला दिलेले दान आहे.

२. वापराचे नियम

करिंथच्या मंडळीत हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या या पत्रावरून असे दिसते की, तेथे काही दानांवरून, विशेषतः अन्य भाषांत बोलण्याच्या दानावरून, श्रेष्ठकनिष्ठपणा निर्माण झाला होता. दान अस्सल होते, पण त्याचा वापर बिघडला होता. त्यामुळे पौलाचे विवेचन 'दान कसे मिळवावे' यापेक्षा 'मिळालेले दान कसे वापरावे' या प्रश्नाभोवती फिरते. त्यातून चार नियम काढता येतात.

पहिला नियम उगमाचा. दान कृपेने मिळते, योग्यतेने नव्हे. म्हणून त्याचा अभिमान बाळगता येत नाही आणि ते नसल्याची लाजही बाळगण्याचे कारण नाही. दुसरा नियम वाटपाचा. सर्व दाने एकाला मिळत नाहीत आणि एकही माणूस अगदी रिकामा राहत नाही. येथे शरीर व अवयव यांचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. डोळा हाताला अनावश्यक म्हणू शकत नाही, आणि दुर्बळ वाटणारे अवयवच अधिक गरजेचे ठरतात. तिसरा नियम हेतूचा. दान सर्वांच्या हितासाठी आहे. यासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ घर बांधणे असा आहे. मराठीत त्याला 'उन्नती' म्हटले जाते, पण 'उभारणी' हा शब्द मूळ प्रतिमेला अधिक जवळचा ठरेल. चौथा नियम सुबोधतेचा. ऐकणाऱ्याला कळत नसेल तर बोलणाऱ्याची उन्नती होईलही, परंतु सभेची होणार नाही. म्हणून न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द पौलाला अधिक मोलाचे वाटतात. या सर्व नियमांच्या मध्यभागी, बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मध्ये, प्रीतीवरील तेरावा अध्याय येतो. तो स्वतंत्र सुभाषितासारखा वाचला जातो. पण त्याचे स्थान ध्यानात घेतले म्हणजे तो दानांच्या वापराची कसोटी सांगतो हे स्पष्ट होते.

यांपैकी चौथा नियम वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. दानाच्या वापराचा प्रश्न येथे सरळ भाषेचा प्रश्न होतो.

३. प्रतिभा, प्रसाद आणि कृपादान

आपल्या काव्यशास्त्रात काव्यशक्तीचा विचार झालेला आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा हेतू म्हटले. शक्ती म्हणजे जन्मजात बीज. ते नसेल तर काव्य निर्माण होत नाही आणि झाले तर उपहासास पात्र ठरते. हे बीज कवीने कमावलेले नसते, इथपर्यंत प्रतिभा आणि कृपादान यांच्यात साम्य आहे. भेद पडतो तो प्रयोजनापाशी. मम्मटाच्या प्रयोजनांत यश आणि अर्थप्राप्ती यांना अग्रस्थान आहे. कांतासंमित उपदेश हे प्रयोजन वाचकाकडे वळते, हे मान्य. परंतु कवीने शक्ती स्वतःच्या कीर्तीसाठी वापरली तर त्यात काही गैर आहे, असे हे शास्त्र मानीत नाही. कृपादानाच्या विचारात मात्र तेच मुख्य गैर आहे.

वारकरी परंपरेत आपण या विचाराच्या पुष्कळच जवळ येतो. नामदेवाने पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाचे काम सांगितले, असे तुकोबांनी स्वतःच नोंदविले आहे. येथे कवित्व हे आज्ञापिलेले काम आहे. बोलणारा वेगळा आणि बोलविणारा वेगळा, ही जाणीव तुकोबांच्या अभंगांत वारंवार प्रकट होते. ज्ञानदेवांच्या पसायदानातही मागणे स्वतःपुरते न राहता साऱ्या भूतमात्रांसाठी आहे. या दृष्टीने पाहता 'प्रसाद' ही कल्पना कृपादानाला प्रतिभेपेक्षा अधिक जवळची ठरते; कारण प्रसाद एकट्याने खावयाचा नसतो, तो वाटावयाचा असतो.

तरीही दोहोंत एक अंतर राहते. संताचे कवित्व मुख्यतः त्याच्या आणि देवाच्या नात्यातून प्रमाण ठरते. पौलाच्या विचारात व्यक्तीचा अनुभव कितीही उत्कट असला तरी तो मंडळीने पारखून घ्यावयाचा असतो. संदेश देणाऱ्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याची परीक्षा करावी, असा स्पष्ट दंडक चौदाव्या अध्यायात आहे. टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. हा सेतू केवळ भक्तिभावाचा नव्हता; कवित्व ही सोपविलेली सेवा आहे, ही समजूतही टिळकांनी त्या सेतूवरूनच आणली असे म्हणता येईल.

४. दोन पूर्वोदाहरणे

सुबोधतेचा नियम मराठीत फार लवकर पाळला गेला. गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या निर्मितीचे कारण ग्रंथातच आले आहे. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांनी तत्सम काही तरी वाचावयास द्या, अशी मागणी केली. दान वापरण्याची हाक मंडळीकडून आली, ही बाब येथे नोंदवण्यासारखी आहे. गद्य प्रस्तावनेत स्टीफन्सने आपल्या भाषेविषयीही खुलासा केला आहे. पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाळून, लोकांच्या परिचयाचे बोलीतील शब्द ठिकठिकाणी मिसळल्याचे तो सांगतो. परक्या देशातून आलेल्या माणसाला मराठीचे सौंदर्य उमगले हे नवल खरेच. परंतु ते सौंदर्य त्याने श्रोत्याच्या आकलनापुढे दुय्यम मानले, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली मोठे धर्मजागरण झाले. प्रार्थनेच्या भरात मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, आणि पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात या घटनेचा आवर्जून उल्लेख होतो. पण त्याच काळात आणि पुढे अखेरपर्यंत रमाबाई आणखी एका कामात गढलेल्या होत्या. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्या संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते साध्या बायाबापड्यांना कळले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. जुळणी व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली आणि संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

या दोन गोष्टी चरित्रकार सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत मांडतात. पौलाच्या यादीत त्या शेजारी शेजारी आहेत : भाषा बोलणे आणि भाषेचा अर्थ सांगणे. एकाच आवारात एकीकडे न कळणारी वाणी उमटत होती, तर दुसरीकडे शास्त्राचा शब्द न् शब्द कळता करण्याचे काम चालले होते. एका दानाचा धिक्कार न करता आयुष्याची शेवटची शक्ती दुसऱ्या दानासाठी वेचणे, यात करिंथकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचे मर्म प्रत्यक्षात उतरलेले दिसते. संस्कृत पंडितेने आपले पांडित्य सोपेपणासाठी राबविले, हा या दानाच्या वापराचा विशेष होय.

५. टिळक : दान आणि पद

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेले. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन, पाळकपण, आणि 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन अशी कामे त्यांच्याकडे होती. म्हणजे याद्यांच्या भाषेत सांगावयाचे तर शिक्षक, पाळक आणि बोध करणारा या तिन्ही नात्यांनी ते नेमलेले होते. कवी म्हणून त्यांना कोणी नेमले नव्हते. तसे पदच अस्तित्वात नव्हते.

आणि तरीही त्यांच्या सेवेतील जे टिकले ते कवित्व होय. त्यांच्यापूर्वी मराठी मंडळीत देशी वळणाची गीते नव्हती असे नाही. अहमदनगरचेच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन व पदरचना यांचा पाया घातला होता. परंतु उपासनेत परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचे वजन मोठे होते. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि भजन यांतून मंडळीला स्वतःच्या आवाजात गाता येईल असे गीत दिले. 'अभंगांजली'तील रचना आणि उपासनेच्या गीतसंग्रहांतील त्यांची अनेक गीते आजही म्हटली जातात. शिकविणे आणि बोध करणे ही कामे त्यांच्या गीतांनी त्यांच्या व्याख्यानांपेक्षा अधिक केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. येथे दानाने पदाला ओलांडले.

पद आणि दान यांतील हा ताण ख्रिस्ती इतिहासात जुना आहे. संस्थेला सातत्य हवे असते. म्हणून ती कामाचे तास, वेतन आणि अधिकार यांची व्यवस्था लावते. दान मात्र अशा व्यवस्थेत पुरतेपणी मावत नाही. मिशनने टिळकांना जे दिले ते कमी नव्हते. शिकविण्यास विद्यार्थी मिळाले, लिहिण्यास पत्र मिळाले. परंतु सेवा ही नोकरी होऊन बसते, ही टोचणी त्यांना अखेरीस सोसवेना. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला. त्याला यशस्वी म्हणावे की अयशस्वी, हा प्रश्न येथे गौण आहे. दानाला नोकरीपासून मोकळे करावयाचे, पण समूहापासून तोडावयाचे नाही, ही त्यामागील धडपड मोलाची आहे. संन्यास घेऊन टिळक एकांतात गेले नाहीत. त्यांनी दरबार भरविला.

६. दुसऱ्याचे दान ओळखणे

इफिसकरांस पत्रात शिक्षक व पाळक यांचे काम सांगताना, त्यांनी स्वतः सर्व सेवा करावी असे म्हटलेले नाही. पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करावे, असे म्हटले आहे. दुसऱ्याचे दान ओळखून ते कामाला लावणे, हेही दानच होय. टिळकांच्या बाबतीत याचे दोन ठळक पुरावे आहेत.

पहिला बालकवींचा. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात पुढे आला, आणि पुढे टिळकांच्या घरी अहमदनगरला राहिला. टिळक दांपत्याने त्याला पुत्रवत् सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्या कवितेला ख्रिस्ती रंगही चढला नाही. धर्मप्रसार एवढाच दानाच्या वापराचा अर्थ टिळकांनी घेतला असता तर हा आश्रय निष्फळ मानावा लागला असता. तसा तो मानला गेला नाही, यावरून काव्यशक्ती ही देणगी म्हणूनच आदरणीय आहे, ही त्यांची धारणा उघड होते.

दुसरा पुरावा लक्ष्मीबाईंचा. शालेय शिक्षण नाही, सोवळ्याओवळ्यात वाढलेले मन, नवऱ्याच्या धर्मांतराने विस्कटलेला संसार, अशा स्थितीतून त्या १९०० साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्यांना प्रथम जे दान लाभलेले दिसते ते रोमकरांस पत्रातील यादीतले साधे दान : दया करणे. दुष्काळातील अनाथ मुले, आजारी शेजारी, दारी आलेला कोणीही, हे त्यांचे क्षेत्र. लेखन त्यांच्याकडे नंतर आले, आणि तेही दुसऱ्याच्या कामासाठी. टिळकांचे चरित्र लिहिण्यास उपयोग व्हावा म्हणून मुलाने, देवदत्ताने, आठवणी मागितल्या आणि त्यांतून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे दहाहून थोडे अधिक अध्याय लिहून टिळक गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी उचलले, उरलेले जवळजवळ सर्व अध्याय लिहिले, आणि अखेरचा अध्याय देवदत्तांनी जोडला. ग्रंथ १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. एका ग्रंथात तीन हात, आणि तिन्ही हातांची शक्ती वेगवेगळी. अवयवांच्या दृष्टान्ताला याहून घरगुती उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही.

काळाने दिलेला निर्णयही येथे लक्षात घ्यावा. ज्या महाकाव्याला सेवा म्हणून मोठे मानले गेले ते आज थोडे वाचतात, आणि केवळ साहाय्यासाठी लिहिलेले आठवणींचे पुस्तक मराठी गद्याचे भूषण ठरले आहे. दुर्बळ वाटणारा अवयव अधिक आवश्यक ठरतो, हे विधान वाङ्मयाच्या इतिहासातही खोटे होत नाही.

७. काही आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दान सेवेसाठीच वापरावयाचे म्हटले की वाङ्मय प्रचाराच्या दावणीला बांधले जाते. आक्षेपात तथ्य आहे. उभारणी ही कसोटी काव्यगुणाची कसोटी नव्हे. मंडळीच्या फार उपयोगी पडलेले गीत काव्य म्हणून सामान्य असू शकते, आणि टिळकांच्याही सर्वच रचना सारख्या दर्जाच्या नाहीत. म्हणून समीक्षकाने आपली कसोटी सोडू नये. मात्र कवीची कसोटी वेगळी होती, हे ध्यानात ठेवूनच निर्णय द्यावा.

दुसरा आक्षेप असा की, 'मंडळीची गरज' या नावाखाली दाने दडपलीही जातात. इतिहास याची साक्ष देतो. पौलाच्या एकाच पत्रात स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात असे गृहीत धरणारा उतारा अकराव्या अध्यायात आहे, आणि त्यांनी सभेत गप्प राहावे असे सांगणारा चौदाव्या अध्यायात. भाष्यकारांनी या दोहोंचा मेळ अनेक प्रकारे घातला. व्यवहारात मात्र दुसरा उतारा अधिक वेळा वापरला गेला. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे, दानाने नेमणुकीची वाट न पाहता आपला मार्ग काढला, असे दिसते.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा. दान समजून न घेता पुरून ठेवण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात तीन चाकरांना मोठ्या रकमा सोपविल्या जातात. दोघे त्या वाढवितात आणि तिसरा भीतीपोटी आपली रक्कम जमिनीत पुरतो. त्या रकमेचे ग्रीक नाव 'तालान्तोन'. अंगच्या गुणाला 'टॅलंट' म्हणण्याची इंग्रजी रीत याच दृष्टान्तातून आली. तिसऱ्या चाकराने काही चोरले नव्हते. त्याचा दोष इतकाच की, त्याने मिळालेले जसेच्या तसे परत केले.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या वाटणीकडे आता परत येता येईल. फुले, मुले, संसार, देश आणि देव हे विषय टिळकांच्या लेखी वेगवेगळ्या खात्यांत जमा नव्हते. एकाच कारभाऱ्याच्या हिशेबातील त्या नोंदी होत्या. रानात फुललेल्या फुलाला समोर ठेवून जीवनाच्या सार्थकतेचा विचार करणारे 'वनवासी फूल' आणि उपासनेत गायिले जाणारे त्यांचे अभंग एकाच प्रश्नाशी झुंजतात : जे फुलले ते कोणासाठी? वर्गात पहिली कविता शिकवून दुसऱ्या रचना चर्चकडे सोपविणे, किंवा चर्चमध्ये दुसऱ्या रचना गाऊन पहिली कविता विद्यापीठाकडे सोपविणे, या दोन्ही रीती त्या प्रश्नाला बगल देणाऱ्या आहेत.

पदव्युत्तर अभ्यासकांना या दिशेने बरेच करण्यासारखे आहे. 'ज्ञानोदय'च्या जुन्या अंकांतील टिळकांचे गद्य त्यांच्या कवितेशेजारी ठेवून वाचले पाहिजे. रमाबाईंच्या भाषांतराची भाषा तिच्या समकालीन भाषांतरांशी ताडून पाहिली पाहिजे. सांगळे आणि टिळक यांच्या पदरचनेचा तौलनिक अभ्यास झाला पाहिजे. हे करताना अभ्यासकाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारण्याचे कारण नाही, आणि ती नाकारण्याचेही नाही. वारकरी न होता आपण तुकोबा वाचतोच. मात्र कवी स्वतःच्या शक्तीला काय समजत होता, एवढे जाणून घेण्याची सहानुभूती हवी. ज्याने आपले कवित्व स्वतःचे मानले नाही, त्याच्या कवित्वाचे आपण दोन तुकडे करून वाटून घ्यावे, हे त्याच्या कारभाराशी जुळणारे नाही.